ऱ्हासाचा आरोप आणि हेलेनिस्टिक शिल्प

ग्रीक शिल्पकलेचा इतिहास सांगताना पेरिक्लीसच्या अथेन्सपाशी मध्यान्ह मानायची, अलेक्झांडरच्या मृत्यूपाशी सूर्य कलल्याचे जाहीर करायचे आणि पुढील तीन शतकांची रवानगी ऱ्हासाच्या सदरात करून मोकळे व्हायचे, ही वहिवाट इतकी जुनी आहे की तिची सनद तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर बॅबिलोन येथे मरण पावला आणि इ.स.पू. 31 मध्ये ॲक्टियमच्या आरमारी लढाईने ईजिप्तच्या टॉलेमी घराण्याचे भवितव्य ठरले. या दोन घटनांमधील काळ हा हेलेनिस्टिक काळ. त्याच्या शिल्पाविषयी जे समज रूढ आहेत, त्यांतील बरेचसे शिल्पे पाहून झालेले नसून ग्रंथ वाचून झालेले आहेत.

मूळ फिर्याद थोरल्या प्लिनीची आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या या रोमन ग्रंथकाराने आपल्या निसर्गेतिहासाच्या चौतिसाव्या भागात, ब्राँझच्या शिल्पकारांची कालानुक्रमे यादी देता देता असे नमूद करून ठेवले की 121 व्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे इ.स.पू. 296 च्या सुमारास, ही कला थांबली आणि 156 व्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे इ.स.पू. 156 च्या सुमारास, ती पुन्हा जिवंत झाली. सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या या कथित सुतकात काय काय घडले ते पाहिले म्हणजे विधानाची किंमत कळते. अथेन्सच्या चौकात डेमॉस्थेनीसचा पुतळा उभा राहिला; ऱ्होड्सला सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा पुरा झाला; आशिया मायनरमधील पर्गमम येथे गॉलविजयाची स्मारके आणि पुढे महावेदी उभी राहिली; समोथ्रेस बेटावर विजयदेवता गलबताच्या नाळेवर उतरली. अधिक मौजेची गोष्ट अशी की त्याच भागात पुढे, गॉलांशी झालेल्या पर्गममच्या ॲटॅलस आणि यूमेनीस या राजांच्या लढायांची शिल्पे घडवणाऱ्या कलावंतांची नावे प्लिनी स्वतःच देतो, आणि ते कलावंत नेमके त्याने मृत ठरवलेल्या काळातले आहेत! ज्या जुन्या ग्रंथांच्या आधारे त्याने यादी केली, त्यांच्या कर्त्यांना इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकांचा आदर्शच तेवढा प्रमाण वाटत होता, आणि त्यांची अभिरुची प्लिनीच्या लेखणीतून इतिहास होऊन उतरली, असेच मानावे लागते.

प्लिनीच्या या विधानाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली ती जर्मन कलेतिहासकार विंकेलमानने. कलांचाही उदय, उत्कर्ष आणि अस्त होतो, अशी मांडणी करणारा त्याचा प्राचीन कलेचा इतिहास 1764 मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपच्या दोन पिढ्यांनी ग्रीस त्याच्या डोळ्यांनी पाहिला. परंतु त्याने स्वतः ग्रीसची भूमी कधी पाहिली नव्हती. त्याच्यापुढे होती ती मुख्यतः रोममधील संग्रहांत जमलेली शिल्पे, आणि त्यांतील पुष्कळशी रोमन काळातील प्रती होत्या. लाओकोऑनच्या शिल्पसमूहावर तर त्याचे निरतिशय प्रेम. म्हणून त्याने तो अलेक्झांडरच्या काळात नेऊन ठेवला. आजचे अभ्यासक त्या समूहाच्या काळाविषयी वाद घालतात, परंतु तो इतका मागे नेण्यास फारसे कोणी तयार नाही. आवडलेली वस्तू ऱ्हासकाळातली असूच शकत नाही, हा युक्तिवाद विद्वानांनाही मोह घालतो.

मग अलेक्झांडरनंतर बदलले काय? प्रतिभा आटली नाही, आश्रयदाता बदलला. पूर्वी शिल्पकाराला काम देणारे मुख्यतः नगर आणि देवालय असे. आता टॉलेमी, सेल्यूकस, ॲटॅलस यांच्या राजघराण्यांचे खजिने आणि ऱ्होड्ससारख्या व्यापारी नगरांची संपत्ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. अलेक्झांडरची ब्राँझ प्रतिमा घडवण्याचा मक्ता लायसिपसकडे होता असे प्राचीन लेखक सांगतात, आणि या लायसिपसने देहाची प्रमाणेच बदलली: मस्तक लहान, अंग सडपातळ, हात समोरच्या अवकाशात पसरलेला, जेणेकरून मूर्तीभोवती फिरल्याखेरीज ती पुरती कळू नये. त्याचा शिष्य यूटिकिडीस याने अँटिऑक नगराची भाग्यदेवता घडवली, तीत नगरच स्त्रीरूपाने खडकावर बसले असून ओरोंटीस नदी तिच्या पायांशी पोहत आहे. वृद्धा, मूल, मुष्टियोद्धा, परकीय शत्रू हे सारे शिल्पाचे विषय झाले. विषयांचा मुलूख असा विस्तारला असताना त्याला ऱ्हास म्हणणे हे इतिहासकाराला शोभत नाही.

पर्गममची महावेदी हा या वादातील सर्वांत मोठा साक्षीदार, आणि विंकेलमानच्या हयातीत तो जमिनीखाली गाडलेला होता. दुसऱ्या यूमेनीसच्या कारकीर्दीत, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, उभारलेल्या या वेदीचे शिल्पपट्ट बायझंटाईन काळच्या तटबंदीत दगड म्हणून चिणले गेले होते. रस्तेबांधणीचे काम करणारा जर्मन अभियंता कार्ल हुमान याने 1878 पासून ऑटोमन सरकारच्या परवानगीने ते उकरून काढले, आणि त्यांची रवानगी बर्लिनला झाली. देव आणि दैत्य यांच्या युद्धाचा हा पट सुमारे 113 मीटर लांब आणि 2.3 मीटर उंच आहे. पायऱ्यांच्या बाजूला आल्यावर दैत्यांचे गुडघे आणि सर्पाकृती पाय पट सोडून खऱ्या पायरीवर टेकतात, म्हणजे वेदी चढणारा मनुष्य आणि शिल्पातील दैत्य एकाच दगडावर पाय ठेवतात. अथीना एका तरुण दैत्याचे केस धरून त्याला ओढते आहे, आणि त्याची माता पृथ्वी कमरेइतकी जमिनीतून वर येऊन याचना करते आहे. हा आवेग पाहून कित्येकांना तो अतिरेकी वाटला. परंतु त्याच अथीनेच्या आकृतीची मांडणी पार्थेनॉनच्या पश्चिमेकडील त्रिकोणी शिल्पाची जाणीवपूर्वक आठवण करून देते, आणि पर्गममच्या ग्रंथालयासाठी पाचव्या शतकातील शिल्पकार फिडियासच्या अथीनेची संगमरवरी आवृत्तीही घडवली गेली होती. पूर्वजांची परंपरा विसरणारे हे लोक नव्हते. ती पूर्णपणे अवगत असून तिच्यापलीकडे जाणारे होते.

वेदीच्या या आवेगातूनच दुसरा समज निपजला, की या काळचे सारे शिल्प आक्रोश, पिळदार स्नायू आणि वळसे यांनीच भरलेले आहे. पॉलियुक्टसने इ.स.पू. 280 च्या सुमारास घडवलेला डेमॉस्थेनीस हात गुंफून, मान किंचित खाली घालून उभा आहे; पराभूत नगराचा हा वक्ता एकही आविर्भाव करीत नाही. मेसीनीचा शिल्पकार डॅमोफोन तर ऑलिंपियातील फिडियासच्या झ्यूसची दुरुस्ती करणारा, आणि त्याच्या स्वतःच्या देवमूर्ती गंभीर जुन्या वळणाच्या. शांत आणि उद्दाम या दोन्ही रीती एकाच काळी चालू होत्या, आणि कोणती केव्हा वापरायची हे प्रसंग ठरवीत असे.

रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहातील घायाळ पुरुषाला दीर्घकाळ ‘मरणोन्मुख ग्लॅडिएटर’ म्हणत. इंग्रज कवी बायरननेही त्याला तसेच मानले. वास्तविक गळ्यातील पिळाचा अलंकार, मिशी आणि ताठ राठ केस ही गॉल योद्ध्याची लक्षणे आहेत. पहिल्या ॲटॅलसने गॉलांना खंडणी देण्याचे नाकारून त्यांचा पाडाव केला, त्या विजयाच्या ब्राँझ स्मारकातील एका आकृतीची ही संगमरवरी रोमन प्रत होय, असे सामान्यतः मानले जाते. विजेत्याने जिताला इतकी प्रतिष्ठा देऊन घडवावे, ही गोष्ट मला या काळातील सर्वांत उल्लेखनीय वाटते. अर्थात शत्रू जितका थोर तितका विजय मोठा, हा दरबारी हिशेबही तीत आहेच.

मिलोच्या व्हीनसविषयी लोक सांगतात की 1820 मध्ये तिच्या ताब्यावरून किनाऱ्यावर झटापट झाली आणि तीत हात तुटले. तथापि ती सापडली त्या वेळी जागेवर असलेला फ्रेंच नौदलाचा अधिकारी व्हुतिए याने काढलेल्या चित्रांत तिला हात नाहीत. तिच्यासोबत मिळालेल्या एका पीठावर मिअँडरकाठच्या अँटिऑकच्या शिल्पकाराची सही होती. अलेक्झांडरनंतर वसलेल्या त्या गावाच्या नावावरूनच काम हेलेनिस्टिक काळचे ठरत होते. पॅरिसला मात्र ती चौथ्या शतकातील शिल्पकार प्रॅक्सिटेलीसची हवी होती. ते पीठ पुढे गहाळ झाले, त्याचे चित्र मागे राहिले. आता ती साधारणपणे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात, म्हणजे ज्या काळाला पडता म्हणायचे त्याच काळाची कृती जग ग्रीक सौंदर्याचा मानदंड म्हणून पाहत आले आहे.

पांढऱ्या संगमरवराची कल्पनाही अशीच टिकून आहे. मूर्ती रंगवलेल्या असत. सायडन येथे 1887 मध्ये सापडलेल्या आणि इस्तंबूलमध्ये असलेल्या तथाकथित अलेक्झांडर शवपेटीवर ते रंग अजून दिसतात. रोममधील ब्राँझच्या मुष्टियोद्ध्याच्या ओठांसाठी आणि जखमांतून ठिबकणाऱ्या रक्तासाठी तर तांबे जडवले आहे. ऱ्होड्सच्या सूर्यदेवाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तो बंदराच्या दोन टोकांवर पाय ठेवून उभा नव्हता. ते चित्र फार नंतरच्या कल्पनेचे आहे. लायसिपसचा शिष्य कॅरीस याने बारा वर्षे खपून उभारलेला तो सुमारे 33 मीटरांचा पुतळा साठएक वर्षांतच भूकंपाने कोसळला.

शेवटचा समज आपल्या घरचा आहे: गांधारच्या बुद्धमूर्ती अलेक्झांडरसोबत आलेल्या ग्रीक कारागिरांनी घडवल्या. अलेक्झांडर सिंधूपार आला इ.स.पू. 326 मध्ये, आणि गांधार शिल्पाचा बहर कुशाणांच्या अंमलातला, इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढचा. मधल्या काळात बॅक्ट्रियातील ग्रीक राज्ये होती. आमू दर्याकाठच्या ऐ-खानूम येथे फ्रेंच उत्खननात एका महाकाय देवमूर्तीचे संगमरवरी पाऊल मिळाले, त्यावरून तेथील परंपरेची कल्पना येते. नंतर रोमशी व्यापार वाढला आणि तोही मार्ग खुला झाला. बुद्धमूर्तीचे मूळ ग्रीक, असे फ्रेंच अभ्यासक फूशेने म्हटले. मथुरेची देशी परंपरा पुढे करून आनंद कुमारस्वामींनी 1927 मध्ये त्याला उत्तर दिले. वस्त्रांच्या चुण्या पश्चिमेच्या आणि ध्यानमुद्रा येथली, असे दोन्ही पदरी घेतल्यावाचून त्या मूर्तींचा उलगडा होत नाही.

रोमशी झालेल्या या व्यापाराची साक्ष पाहण्यासाठी मराठी वाचकाला फार लांब जाण्याचे कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर यवन दात्यांचे लेख आहेत, आणि पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पॉसायडनची लहानशी ब्राँझ मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावी, आणि पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की ती वस्तू रोमन काळातील असली, तरी तिचा नमुना लायसिपसच्या परंपरेशी जोडला जातो.