बोटीतले पाणी काढावे लागते

आमचे गाव पनवेलच्या खाडीकाठी आहे. पावसाळ्यात आमच्या बोटी जमिनीवर असतात. बेलापूरच्या दिवाळे गावात आणि उरणच्या करंजा बंदरातही तसेच दिसते. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. या दिवसांत पुष्कळ मासे अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो.

पण बोट नुसती ओढून ठेवली म्हणजे झाले नाही. आधी तिच्यातले पाणी काढावे लागते. हे पाणी चार ठिकाणी असते.

पहिले ठिकाण इंजिन. चालताना इंजिन तापते. ते थंड राहावे म्हणून पंप बाहेरचे खारे पाणी ओढतो, इंजिनाभोवती फिरवतो आणि परत बाहेर टाकतो. हे खारे पाणी आत राहिले तर लोखंड गंजते. बाबा म्हणतात, "पाणी राहिलं, की लोखंड गेलं." म्हणून ते पंपाची नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडतात आणि इंजिन थोडा वेळ चालवतात. आतले मीठ धुऊन निघते. मग इंजिन बंद करून खालचा नळ उघडतात. पाणी आले नाही तर भोकात तार घालायची. तिथे चिखल अडकलेला असतो.

दुसरे ठिकाण डिझेलची टाकी. पाणी डिझेलपेक्षा जड असते, म्हणून ते तळाला बसते. ते खालून काढून टाकतात.

तिसरे ठिकाण पिण्याच्या पाण्याचे पिंप. ते रिकामे करायचे, घासायचे, उन्हात वाळवायचे आणि घरात पालथे ठेवायचे.

चौथे ठिकाण बोटीचा तळ. बोटीचे तोंड थोडे उंच ठेवतात आणि मागचे बूच काढतात. पावसाचे पाणी शिरले तरी वाहून जाते. आमचे बूच इंजिनाच्या हँडलला दोरीने बांधलेले असते. ते परत लावायचे राहिले तर बोट पाण्यात जाताच भरेल! शेवटी वरून ताडपत्री घट्ट बांधतात.

थंड देशांतले लोकही असेच करतात. तिकडे घरासारख्या मोटारी असतात. त्यांत नळ आणि पाण्याची टाकी असते. हिवाळ्यात पाण्याचे बर्फ होते. अकरा पेले पाण्याचे सुमारे बारा पेले बर्फ होते. नळीत जागा पुरत नाही, म्हणून ती फुटते. त्यामुळे हिवाळ्याआधीच ते सगळे पाणी काढून टाकतात. आपल्याकडे बर्फ होत नाही, पण गंज चढतो.

बंदीचे दोन महिने आमच्या घरात मासळीचे पैसे येत नाहीत. ऑगस्टमध्ये इंजिन लगेच सुरू झाले तर बोट पहिल्याच दिवशी जाते. ते बिघडले तर आधी दुरुस्तीला उसने पैसे आणावे लागतात.

पालकांना एक विनंती आहे. ताडपत्रीच्या खळग्यात आणि जुन्या पिंपात पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून आठवड्यातून एकदा ते पाणी ओतून द्यावे. आम्ही मुलेही मदतीला येऊ.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी