रोटरी इंजिनाच्या बिलेट प्लेट्स

माझदाच्या १३बी इंजिनात पिस्टन नाहीत. दोन तिकोनी रोटर आणि त्यांच्या पुढे, मध्ये, मागे बिडाच्या तीन प्लेट्स. रोजच्या गाडीला त्या पुरून उरतात. पण ड्रॅग रेसिंगसाठी टर्बोचा दाब वाढवला की इंजिन पिळवटतं आणि मागची प्लेट बहुधा भाग जुळवून ठेवणाऱ्या डॉवेल पिनच्या भोकाशीच तडकते. म्हणून ॲल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून सीएनसीवर कोरलेल्या बिलेट प्लेट्स! वजन बरंच कमी, हवी तिथे जाडी. मात्र नुसतं ॲल्युमिनियम रोटरच्या कडेच्या साइड सीलच्या घर्षणापुढे टिकत नाही. वर कडक लेप किंवा पोलादी पत्रा लागतोच. शिवाय तापल्यावर ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे बोल्टच्या ताणाचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. हेच इंजिन असलेल्या रस्त्यावरच्या माझदा आरएक्स-७ला हा खर्च म्हणजे निव्वळ हौस, असं माझं मत.