विटा तिच्या, घर कोणाचे?

कर्जत-खालापूरमधील कितीतरी कातकरी स्त्रिया दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, इतरांच्या घरांसाठी विटा पाडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीत परततात. त्यांच्या झोपडीखालची जमीन मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर असते. जमिनीला भाव आला की पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याभोवती कुंपण पडते. मग रोजगार बुडवून कचेरीचे उंबरठे झिजवणे आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान जनमन’ योजनेत आदिम जमातींच्या कुटुंबांस घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु जमीनच आपली नसेल, तर पाया घालावयाचा कोठे? सरकारास आमचे सांगणे एवढेच : आधी वाडीला गावठाण द्या आणि घराच्या उताऱ्यावर त्या माउलीचे नाव लावा.