डिस्क आहे, पण दिसत नाही!

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आली. हातात लॅपटॉप आणि चेहरा उतरलेला.

"सर, लिनक्स घालायला गेले तर डिस्कच सापडत नाही म्हणते. दुकानदार म्हणाले, ही डिस्क लिनक्सला चालणार नाही, नवी घ्यावी लागेल."

लॅपटॉप वडिलांनी जुन्या बाजारातून घेतलेला. त्यातील विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसत नव्हते. म्हणून तिने लिनक्स निवडले. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो कोणालाही विनामूल्य वापरता, वाचता आणि सुधारता येतो. पण फुकटच्या लिनक्ससाठी नवी डिस्क विकत घ्यायची, तर घरी तेवढे पैसे नव्हते.

मी विचारले, "अगं, यातले विंडोज अजून चालू होते ना?"

"हो सर."

"मग ते कुठून चालू होते?"

ती क्षणभर थांबली. "डिस्कवरूनच की!"

मित्रहो, निम्मे निदान येथेच झाले. डिस्क जिवंत होती. न दिसणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रयोगशाळेत दिवा लागला नाही तर आपण लगेच नवा दिवा आणतो का? नाही. घट, तारा, कळ आणि दिवा यांपैकी एकेक भाग क्रमाने तपासतो. येथेही तशीच साखळी आहे. डिस्क, तिची जोडणी, यंत्र सुरू होताच जागा होणारा बायोस हा कार्यक्रम, डिस्कशी बोलणारा नियंत्रक, कर्नलमधील ड्रायव्हर आणि शेवटी लिनक्स बसवणारा कार्यक्रम. यांपैकी कोठेही दुवा तुटला तरी पडद्यावर एकच उत्तर येते, 'डिस्क नाही'.

पहिली तपासणी बायोसमध्ये केली. यंत्र सुरू होताना एफ-२ ही कळ दाबली (काही यंत्रांवर एफ-१० किंवा डिलीट असते). तेथे डिस्कचे नाव आणि क्षमता ५१२ जीबी अशी स्पष्ट दिसली. ती दिसली नसती तर जोडणी सैल आहे का, हे पाहावे लागले असते. येथे जोडणी निर्दोष ठरली.

दुसऱ्या तपासणीसाठी लिनक्स पेनड्राइव्हवरूनच, काही न बसवता, चालू केले आणि 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली. ही आज्ञा कर्नलला दिसणाऱ्या सर्व डिस्कची यादी देते. यादीत फक्त १६ जीबीचा पेनड्राइव्ह! बायोसला दिसते ते कर्नलला दिसत नाही, म्हणजे दोष या दोहोंच्या मध्ये आहे.

तिसरी तपासणी म्हणून कर्नलची रोजनिशी उघडली. 'डीमेसेज' या आज्ञेने ती वाचता येते. तिच्यात एक ओळ होती. एक एनव्हीएमई डिस्क आडून जोडलेली सापडली आहे, ती वापरायची असेल तर बायोसमध्ये 'रेड' ऐवजी 'एएचसीआय' निवडा, असा तिचा अर्थ. यंत्राने स्वतःच दोष सांगितला होता, कोणी वाचलाच नव्हता!

हे 'आडून' म्हणजे काय? एनव्हीएमई डिस्क एरवी संगणकाच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गावर थेट बसलेली असते. पण इंटेलच्या काही यंत्रांत बायोसमध्ये 'रेड' निवडलेले असले, की ती साटा नियंत्रकाच्या आड लपवली जाते. वाड्यातल्या बिऱ्हाडासारखे हे आहे. रस्त्यावरच्या पोस्टमनला वाड्याचा दरवाजा दिसतो, आतले बिऱ्हाड दिसत नाही. विंडोजमध्ये इंटेलचा खास ड्रायव्हर असल्याने त्याला आतली वाट ठाऊक असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये या मांडणीसाठी ड्रायव्हर नाही.

अलीकडच्या अनेक यंत्रांत 'व्हीएमडी' नावाची वेगळी मांडणी असते. तिच्यासाठीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१६ पासून आहे. तेथे आधी लिनक्सची नवी आवृत्ती लावून पाहावी. तरीही डिस्क दिसली नाही तर बायोसमधील व्हीएमडी बंद करण्याचा विचार करावा.

मग लगेच 'एएचसीआय' निवडायचे का? थांबा! धोका येथेच आहे. विंडोज जुन्या मांडणीला सरावलेले असते. एकदम बदल केला तर ते निळा पडदा दाखवून थांबते. दोन डिस्क खरोखरच जोडून एक केलेल्या असतील तर माहितीच धोक्यात येते. या मुलीच्या डिस्कवर वर्षभराच्या प्रकल्पाची निरीक्षणे होती आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

म्हणून आम्ही प्रथम सर्व माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवली. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्लीही आधी जवळ असावी. नंतर विंडोजला पुढच्या वेळी 'सेफ मोड'मध्ये सुरू होण्यास सांगितले, बायोसमध्ये एएचसीआय निवडले आणि विंडोज चालू केले. त्याने नवा ड्रायव्हर उचलला. मग सेफ मोड काढून टाकला. आता पेनड्राइव्हवरून पुन्हा तीच आज्ञा दिली, तर यादीत ४७६.९ जीबीची डिस्क हजर!

"सर, ५१२ होती ना?" तिने घाबरून विचारले. काही हरवले नव्हते. विकणारा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर ही आज्ञा २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. भागाकार करून पाहा.

त्या संध्याकाळी लिनक्स बसले, विंडोजही शाबूत राहिले. नवी डिस्क घ्यावी लागली नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहा, बसवू मात्र नका. मुलांना डिस्कची यादी काढू द्या आणि ती बायोसमधल्या नोंदीशी ताडून पाहू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक निरीक्षण वहीत लिहायचे, हा प्रयोगशाळेचा नियम येथेही तितकाच उपयोगी पडतो.