जपानी भाषेची पहिली ओळख

अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपे औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखलेले आहे. कोबे येथे मोत्यांच्या व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी 1985 साली जिनमंदिरही उभारले. व्यापारी घरातील मुलांनी ही भाषा का शिकावी, हे यावरून ध्यानी येईल.

सकाळी ‘ओहायो गोझाइमास’, दिवसा ‘कोन्निचिवा’, सायंकाळी ‘कोम्बानवा’ असे अभिवादन करतात. आभारासाठी ‘अरिगातो गोझाइमास’, क्षमेसाठी ‘सुमिमासेन’. दुसऱ्याच्या नावानंतर आदरार्थी ‘सान’ जोडावे. स्वतःच्या नावाला ते कधीही लावू नये.

वाक्यरचना मराठी माणसाला परकी वाटत नाही. ‘वाताशी वा निकु ओ ताबेमासेन’ म्हणजे ‘मी मांस खात नाही’. क्रियापद शेवटी आणि नकारही शेवटी. ‘ओ’ हे कर्म दाखवते, आपल्या विभक्तिप्रत्ययासारखे.

मात्र एवढ्या वाक्याने आहारधर्म सांभाळला जात नाही. अनेक जपानी सूप व भाज्यांत ‘दाशी’ असते आणि ती बहुधा माशांपासून करतात. म्हणून ‘साकाना नो दाशी मो दामे देस’, अर्थात ‘माशाचा अर्कही चालत नाही’, हे वाक्य आधी पाठ करावे. अंड्यास ‘तामागो’, कांद्यास ‘तामानेगी’, लसणास ‘निन्निकु’ म्हणतात. व्यापाराची बोलणी दुभाषी करील. भोजनाच्या वेळी तो जवळ असेलच असे नाही.