हिंजवडीचे शिवार आणि औद्योगिक महामंडळ

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात हिंजवडी व माण या गावांच्या शिवारात आज काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांत संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा धंदा चालतो. हे पीक आपोआप आलेले नाही. त्याची मशागत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने केली. या संस्थेचा व्यवहार जमीनधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे, कारण तिचे पहिले काम जमीन मिळविणे हेच होय.

१९६१ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळ स्थापन झाले. जमीन घ्यावयाची, तिच्यावर रस्ते, पाणी व वीज न्यावयाची आणि भूखंड पाडून ते बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योजकांस द्यावयाचे, असा त्याचा क्रम. यंत्रांच्या कारखान्यांसाठी बसविलेली हीच घडी पुढे १९९० नंतरच्या दशकात हिंजवडीस लावण्यात आली. या नव्या धंद्याचा माल मालमोटारीत भरावा लागत नाही. तो तारेतून वा उपग्रहामार्फत परदेशी जातो. त्या दळणवळणाची सोय केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क या संस्थेने केली, आणि ३१ मार्च २०११ पर्यंत निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकराची सूटही होती.

आता आपल्या बाजूचे पाहू. कायद्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे प्रथम मालकास नोटीस येते आणि जमीन का घेऊ नये याचे कारण दाखविण्यास मुदत मिळते. पुष्कळ लोक ती नोटीस कोनाड्यात ठेवून देतात, हे आमच्या मते फार घातक आहे. पुढे राजपत्रात प्रसिद्धी झाली की त्या दिवसापासून जमीन सरकारची होते, आणि मग वाद उरतो तो केवळ मोबदल्याचा. मोबदला परस्पर कराराने ठरू शकतो. न ठरल्यास ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. अशा वेळी सातबाऱ्यावर वारलेल्या वडिलांचेच नाव असेल, भावाभावांतील वाटणी नुसती तोंडी असेल, तर करारावर सही कोणी करावयाची येथूनच तंटा सुरू होतो.

याहून निराळा मार्गही पुण्यातच दिसला. हडपसर येथील मगरपट्ट्याच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्याने न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याच्या त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात भाग घेतले. तेथेही संगणकाच्या कचेऱ्या आल्या, परंतु मूळ मालक भागधारक म्हणून व्यवहारात राहिले. हे सर्वत्र साधेल असे मात्र नाही. तेथील जमीन सलग होती, शहराच्या हद्दीत होती, आणि मंडळी बहुतेक नात्यागोत्यातील असल्याने एकमेकांचा शब्द मानणारी होती. बांधावरून कोर्टात गेलेल्या गावास हा मार्ग बंदच समजावा.

ज्यांच्या गावाजवळ औद्योगिक क्षेत्राची वार्ता आहे त्यांनी वारसाच्या व वाटणीच्या नोंदी याच हंगामात पुऱ्या करून घ्याव्यात. नोटीस आल्यावर कचेरीत सगळे गाव एकदम लोटते.