रोमन युद्धेतिहासाचे ग्रंथ

प्राचीन रोमन लोकांची युद्धे, सेनासंघटना व युद्धतंत्र यांची माहिती देणारे ग्रीक व लॅटिन ग्रंथ आणि त्यांच्या आधारे आधुनिक काळात झालेले लेखन यांचा समावेश या विषयात होतो. ज्या सैन्याने भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश जिंकून तो शतकानुशतके ताब्यात ठेवला, त्याचे सरकारी दफ्तर जवळजवळ सर्वस्वी नष्ट झाले आहे. ऑगस्टस, ट्रेजन व हेड्रिअन या सम्राटांनी सैनिकांसाठी घालून दिलेले नियमही मूळ रूपात उरलेले नाहीत. त्यामुळे रोमन सैन्याची परिचित प्रतिमा मुख्यत्वे दहा-बारा लेखकांच्या ग्रंथांवर उभी आहे. हे लेखक एका काळचे नव्हेत. पॉलिबिअस आणि व्हिजीशिअस यांच्यात सु. साडेपाचशे वर्षांचे अंतर आहे. त्यांपैकी काही सेनापती होते, काही पराभूत पक्षाचे बंदी होते, तर काहींनी रणभूमी पाहिलीही नव्हती. या सर्वांची वर्णने एकत्र करून एकच ‘रोमन सैन्य’ रंगविण्याची प्रथा दीर्घकाळ चालू होती. तसे सैन्य मात्र कोणत्याही एका शतकात अस्तित्वात नव्हते. म्हणून कोणता ग्रंथ कोणी, कोणत्या अनुभवाच्या बळावर व कशासाठी लिहिला, हे पाहिल्याशिवाय त्यातील मजकूर वापरता येत नाही.

ही कसोटी प्रथम स्पष्टपणे मांडली ती ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस (इ. स. पू. सु. २०० – सु. ११८) याने. तो अकीयन संघाचा घोडदळ-प्रमुख होता. पिड्नाच्या लढाईत (इ. स. पू. १६८) मॅसिडोनियाचा पराभव झाल्यानंतर जे सु. एक हजार अकीयन ओलीस म्हणून इटलीत नेण्यात आले, त्यांत त्याचा समावेश होता. रोममध्ये सिपिओ एमिलिएनसशी त्याचा स्नेह जडला आणि इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेजचा विध्वंस त्याने सिपिओच्या सहवासात प्रत्यक्ष पाहिला. ज्याने युद्ध अनुभवले नाही त्याने युद्धाविषयी लिहू नये, असे त्याचे मत होते. अलेक्झांडरच्या इससच्या लढाईचे कॅलिस्थिनीझने केलेले वर्णन त्याने केवळ हिशोबाने खोडून काढले. डोंगर आणि समुद्र यांमधील १४ स्टेडिया रुंदीच्या पट्टीत ३०,००० घोडेस्वार उभेच राहू शकणार नाहीत, हे त्याने रांगा मोजून दाखविले. हॅनिबलच्या सैन्याची संख्या देतानाही त्याने ऐकीव माहितीवर विसंबणे टाळले. दक्षिण इटलीत लॅसिनियम येथे खुद्द हॅनिबलने काशाच्या पत्र्यावर कोरवून ठेवलेला लेख त्याने वाचला आणि आल्प्स ओलांडून २०,००० पायदळ व सु. ६,००० घोडदळ इटलीत उतरले, असा आकडा दिला. याच सैन्याविषयी एक लाख पायदळ व वीस हजार घोडदळ असे आकडेही पुढे प्रचलित झाले होते.

पॉलिबिअसच्या ४० खंडांच्या इतिहासापैकी पहिले पाचच संपूर्ण उपलब्ध आहेत. उरलेल्यांचे कमीअधिक लांबीचे उतारे मिळतात. सहाव्या खंडातील रोमन सैन्यभरतीचे, छावणीच्या आखणीचे, पहाऱ्याच्या पद्धतीचे व शिक्षांचे वर्णन हे प्रजासत्ताककालीन सैन्याविषयीचे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. लीजन या मुख्य सेनाविभागात सामान्यतः ४,२०० पायदळ व ३०० घोडदळ असे, असे तो सांगतो. हे वर्णन त्याने कॅनीच्या पराभवानंतर (इ. स. पू. २१६) घातले, यामागे हेतू आहे. एवढा मोठा संहार होऊनही रोम का टिकले, याचे उत्तर त्याला तेथील राज्यघटनेत व सेनासंघटनेत द्यावयाचे होते. तथापि तोही सर्वस्वी निःपक्षपाती नव्हता. कॅनी येथे पडलेला कॉन्सल एमिलिअस पॉलस हा सिपिओ एमिलिएनसचा आजा होता. आणि पॉलिबिअसच्या निवेदनात पराभवाचा सारा दोष दुसरा कॉन्सल व्हॅरो याच्या माथी येतो. तेथे सु. ७०,००० रोमन सैनिक मारले गेले, असे तो लिहितो, तर लिव्हीच्या मते ४५,५०० पायदळ व २,७०० घोडदळ कामी आले. येथे बहुतेक आधुनिक अभ्यासक लिव्हीचा लहान आकडाच अधिक संभवनीय मानतात.

लिव्ही (इ. स. पू. ५९ – इ. स. १७) हा श्रेष्ठ गद्यकार, पण त्याला लष्करी अनुभव नव्हता. त्याच्या १४२ खंडांपैकी ३५ उरले आहेत. पॉलिबिअसचा ग्रंथ समोर ठेवून तो लिहीत असे आणि त्यामुळे त्याची एक चूक उघडकीस आली आहे. किनॉसेफॅलीच्या लढाईत (इ. स. पू. १९७) मॅसिडोनियाच्या राजाने आपल्या व्यूहाला लांब भाले हल्ल्यासाठी आडवे करण्याची आज्ञा दिली, असे मूळ ग्रीक वाक्य आहे. लिव्हीने त्याचा अर्थ भाले जमिनीवर टाकून तलवारींनी लढण्याची आज्ञा दिली, असा घेतला. भाल्यांची लांबी अडचणीची होत होती, असे कारणही त्याने पदरचे जोडले. भाला हेच ज्या व्यूहाचे सर्वस्व, तो व्यूह भाले टाकून लढेल काय, ही शंका कवायत पाहिलेल्या लेखकाला सहज आली असती. असे असले, तरी इ. स. पू. २१८ ते १६७ या काळातील मोहिमांचा सलग वृत्तांत फक्त लिव्हीकडेच मिळतो.

सेनापतीने स्वतः लिहिलेला उपलब्ध असा एकमेव मोठा रोमन युद्धवृत्तांत म्हणजे ज्यूलिअस सीझरचा (इ. स. पू. १०० – ४४) होय. गॉलमधील युद्धावरील त्याचे सात खंड इ. स. पू. ५८ ते ५२ या काळातील मोहिमांविषयी आहेत; आठवा खंड त्याचा सहकारी ऑलस हिर्शिअस याने लिहिला. यादवी युद्धावरील तीन खंड सीझरचे आहेत. अलेक्झांड्रिया, आफ्रिका व स्पेन येथील युद्धांवरील पुस्तके मात्र इतरांची असून, त्यांच्या कर्तृत्वाविषयी प्राचीन काळीच एकवाक्यता नव्हती. सीझर स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी करतो आणि त्याची भाषा कमालीची साधी आहे. या साधेपणामुळे वाचक सहज विश्वास ठेवतो. सीझरचा हेतूही तोच असावा. रोममधील विरोधकांना तोंड देऊ पाहणाऱ्या राजकारणी पुरुषाचे हे लेखन आहे. हे वृत्तांत निष्काळजीपणे व सत्याची पुरेशी चाड न ठेवता लिहिलेले आहेत, असे त्याचा समकालीन असिनिअस पॉलिओ याचे मत असल्याचे स्वीटोनिअसने नोंदविले आहे. हेल्व्हेशियन लोकांची ३,६८,००० ही संख्या किंवा अलीसियाच्या मदतीस आलेले गॉलांचे अडीच लाख पायदळ, हे आकडे आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाहीत. याउलट अलीसियाच्या वेढ्याचे (इ. स. पू. ५२) त्याचे वर्णन जमिनीने बऱ्याच अंशी खरे ठरविले. आत ११ व बाहेर १४ रोमन मैलांची दुहेरी तटबंदी त्याने उभारली होती. तिसऱ्या नेपोलियनने १८६० नंतरच्या दशकात आणि पुढे फ्रेंच व जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १९९१–९७ मध्ये केलेल्या उत्खननांत तिचे खंदक सापडले. त्यांची रचना सर्वत्र त्याच्या शब्दांइतकी नेटकी नाही, एवढेच.

सॅलस्टचा (इ. स. पू. ८६ – सु. ३५) जुगर्थाच्या युद्धावरील ग्रंथ आकाराने लहान आहे. मारिअसने इ. स. पू. १०७ मध्ये मालमत्ता नसलेल्या नागरिकांची भरती केली, ही त्यातील नोंद पुढे फार मोठी करण्यात आली. तिच्याभोवती एकोणिसाव्या शतकात ‘मारिअसच्या सुधारणा’ ही कल्पना रचली गेली आणि सर्व पाठ्यपुस्तकांत रुजली. अलीकडील संशोधक असा एका व्यक्तीने एकाएकी घडविलेला बदल मानण्यास तयार नाहीत.

साम्राज्यकाळातील सैन्याचे सर्वांत जिवंत चित्र त्याच्या शत्रूने रेखाटले आहे. ज्यू सेनानी जोसीफस (इ. स. ३७ – सु. १००) याने जोटापाटा हे नगर ४७ दिवस लढविले आणि इ. स. ६७ मध्ये तो रोमनांना शरण गेला. जेरूसलेमचा पाडाव (७०) त्याने रोमन छावणीतून पाहिला. ज्यू युद्धावरील त्याच्या सात खंडांपैकी तिसऱ्यात रोमन कवायतीचे व छावणीचे वर्णन आहे. अशा सैन्याविरुद्ध बंड करणे व्यर्थ होय, हे आपल्या बांधवांना पटविण्याचा त्याचा हेतू तो लपवीत नाही. मॅसाडाच्या किल्ल्यात ९६० जणांनी मरण पत्करले, हा त्याचा वृत्तांत वादग्रस्त आहे. वेढा घालणाऱ्या रोमनांच्या छावण्या व मातीचा उतार मात्र तेथे आजही दिसतात. टॅसिटस (सु. ५६ – सु. १२०) याला लढाईच्या तांत्रिक तपशिलांत फारसा रस नाही. पण व्हेरसच्या तीन लीजनांचा जेथे नाश झाला (इ. स. ९) त्या ट्यूटोबर्ग अरण्यात सहा वर्षांनी पोहोचलेल्या सैन्याला दिसलेल्या हाडांच्या राशींचे त्याचे वर्णन अविस्मरणीय आहे. जर्मनीतील काल्क्रीझ येथे १९८७ पासून मिळालेली नाणी व शस्त्रे त्याच लढाईची असावीत, असे बहुतेकांचे मत आहे.

इतिहासग्रंथांहून वेगळा वर्ग युद्धशास्त्रावरील पुस्तकांचा. ब्रिटनचा राज्यपाल राहिलेल्या फ्राँटायनसने युद्धातील युक्त्यांचा दृष्टांतसंग्रह केला. त्याचा तात्त्विक ग्रंथ नष्ट झाला. कॅपाडोशियाचा राज्यपाल ॲरिअन याने ॲलन टोळ्यांविरुद्ध आपले सैन्य कसे उभे करावयाचे, याचा लेखी आदेशच मागे ठेवला आहे. सर्वाधिक कीर्ती मात्र यांपैकी कोणाला न मिळता व्हिजीशिअसला मिळाली, हा एक विलक्षण योगायोग होय. चौथ्या शतकाची अखेर किंवा पाचव्याचा पूर्वार्ध हा त्याचा काळ. तो सैनिक नव्हता. जनावरांच्या वैद्यकावरही त्याने पुस्तक लिहिले आहे. जुने ग्रंथ चाळून त्याने चार भागांत सैनिकी विद्येचे सार काढले आणि ढासळत्या साम्राज्याला पूर्वजांच्या शिस्तीकडे परतण्याचा सल्ला दिला. नव्या शिपायांनी दुप्पट वजनाच्या ढाली व लाकडी तलवारी घेऊन सराव करावा, उन्हाळी पाच तासांत वीस मैल चालावे, असे बारकावे त्यात आहेत. पण ६,१०० पायदळ व ७३० घोडदळाचे त्याचे ‘प्राचीन लीजन’ हे निरनिराळ्या काळांतील माहितीचे मिश्रण आहे. त्याच सुमारास अम्मिएनस मार्सेलायनस (सु. ३३० – सु. ३९५) हा सेवानिवृत्त अधिकारी अमिडाच्या वेढ्यातून (३५९) रात्रीच्या अंधारात झालेली आपली सुटका आणि एड्रिअनोपलचा संहार (३७८) लिहून ठेवीत होता. खऱ्या रोमन सैन्याचे दर्शन त्याच्या ग्रंथात घडते. यूरोपने मात्र सेनापतींच्या हाती दिला तो व्हिजीशिअस.

त्याच्या ग्रंथाची दोनशेहून अधिक हस्तलिखिते उपलब्ध आहेत. झां द मंने १२८४ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला. मॅकिआव्हेलीने युद्धकलेवरील आपल्या संवादात (१५२१) त्याचा व पॉलिबिअसचा आधार घेऊन नागरिकांच्या सैन्याचा पुरस्कार केला. नेदर्लंड्समध्ये ऑरेंज घराण्याच्या सेनानींनी प्राचीन ग्रंथांवरून नवी कवायत बसविली. बंदुकांच्या रांगांनी आळीपाळीने गोळीबार करून मागे सरकण्याची पद्धत १५९४ मधील एका पत्रात आखलेली आढळते. यूस्टुस लिप्सिअसचा रोमन सैन्यावरील ग्रंथ १५९५ मध्ये निघाला. पुस्तकातील रोमन सैन्य काल्पनिक असले, तरी त्यातून निर्माण झालेली शिस्त खरी होती.

आधुनिक चिकित्सेचा पाया जर्मनीत घातला गेला. हान्स डेलब्रुकने युद्धकलेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९००) रस्ते, रसद व मैदानाची लांबीरुंदी यांच्या हिशोबाने प्राचीन आकडे तपासले. ही पॉलिबिअसचीच रीत होती. त्याच्या वर्णनाने प्रभावित होऊन जर्मन सेनाप्रमुख श्लीफेन याने कॅनीवर लेखमाला लिहिली (१९०९ पासून). शत्रूला दोन्ही बगलांनी घेरून एका लढाईत नष्ट करणे, हा तिचा आदर्श होता. कॅनी जिंकूनही हॅनिबल युद्ध हरला, ही पॉलिबिअसच्या सहाव्या खंडामागील मूळ समस्या या वाचनात मागे पडली. आणि १९१४ मध्ये याच विचारांत वाढलेल्या सेनाधिकाऱ्यांनी फ्रान्सवर स्वारी केली.

एडवर्ड लटवाकचा साम्राज्याच्या संरक्षणनीतीवरील ग्रंथ (१९७६) याच प्रकारे आपल्या काळाचे प्रश्न रोमवर लादतो, अशी टीका झाली. बेंजामिन आयझॅकने (१९९०) तशी सुसूत्र नीती कधी नव्हतीच, असे प्रतिपादन केले. एड्रिअन गोल्ड्सवर्दीने (१९९६) लक्ष रणांगणावरील सामान्य सैनिकाच्या वर्तनाकडे वळविले.

या सैनिकाविषयी साहित्यिक ग्रंथ जवळजवळ मूक आहेत. त्याची माहिती थडग्यांवरील लेख, ईजिप्त व सिरियातील पपायरस आणि उत्तर इंग्लंडमध्ये व्हिंडोलँडा येथे १९७३ पासून सापडलेल्या शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी फळ्या यांतून मिळते. पहिल्या शतकाच्या अखेरच्या एका फळीवर तेथील तुंग्रियन पलटणीची १८ मेची हजेरी आहे. पटावर ७५२ सैनिक. पैकी ४५६ बाहेरगावी आणि ठाण्यावर २९६. त्यांतील १५ आजारी, ६ जखमी व १० डोळ्यांच्या विकाराने पीडित. कामास योग्य असे २६५ उरतात.